गोळी संपण्याच्या आधी

रक्तदाबाची, मधुमेहाची, मिरगीची किंवा थायरॉइडची गोळी आता कायम घ्यावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले की रुग्णाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कायम म्हणजे किती दिवस जी?" दुसरा प्रश्न, "गोळीची सवय तर नाही लागणार?" तिसरा पथ्याचा. वांगे चालेल का, भात सोडावा लागेल का, वगैरे. पण हातातल्या तीस गोळ्या महिन्याने संपतील तेव्हा पुढच्या तीस कोण देणार, कुठून आणायच्या, त्यासाठी घरून कधी निघायचे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. डॉक्टरही घाईत असतात, तेही सांगत नाहीत. आणि दवाखान्यात बसणाऱ्याला रोज दिसते ते असे, की माणूस गोळी खायला विसरतो म्हणून औषध सुटत नाही. ते सुटते एक पुडी संपून दुसरी घरात येण्याच्या मधल्या फटीत. आजचा लेख त्या फटीविषयी आहे.

ही फट किती महागात पडते ते आधी पाहू. आपल्या धानोरा तालुक्यातच चातगावजवळ डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांचे शोधग्राम आहे. त्यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांमध्ये दोन वर्षे झालेल्या मृत्यूंची नोंद ठेवून कारणे तपासली. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. मलेरिया, क्षयरोग, सर्पदंश अशा कारणांची आपण अपेक्षा करू, पण सर्वांत वरचे कारण निघाले लकवा. दर सात मृत्यूंमागे एक. जंगलातल्या, कष्ट करणाऱ्या, अंगाने सडसडीत माणसांच्या जिल्ह्यात हे निघाले, हे लक्षात घ्यावे. लकव्यामागचे सर्वांत मोठे कारण म्हणजे आवाक्यात न ठेवलेला रक्तदाब, आणि रक्तदाब आवाक्यात ठेवणारी गोळी ही काही रुपयांची, सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी वस्तू आहे. म्हणजे औषध नाही असे नाही. ते सलग पोटात जात नाही, एवढेच.

बंद केली तरी काही होत नाही?

"डॉक्टरसाहेब, मले तं आता काहीच होत नाही जी. मग गोळी काहाले खाऊ?" हे वाक्य ऐकले नाही असा दवाखाना आपल्या भागात नसेल. "आजी, तुम्हाला काही होत नाही ते गोळी चालू आहे म्हणूनच," हे उत्तर बरोबर असले तरी आजीला पटत नाही, कारण तिचा अनुभव वेगळा असतो. गोळ्या संपल्या, चार दिवस गेले, आठ दिवस गेले, डोके दुखले नाही, चक्कर आली नाही. मग गोळीचा उपयोग काय?

त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. रक्तदाबासाठी आपल्याकडे सर्वांत जास्त दिली जाणारी अ‍ॅम्लोडिपीन ही गोळी शरीरातून फार हळूहळू जाते. शेवटची गोळी खाल्ल्यावरही काही दिवस तिचा अंमल राहतो. त्यानंतर रक्तदाब वर चढू लागतो तोही गुपचूप, न दुखता, न खुपता. विहिरीचे पाणी खाली जाते तसे हे आहे. रोज थोडे थोडे जाते, कोणाच्या लक्षात येत नाही, आणि एक दिवस बादली कोरडी वर येते.

सगळीच औषधे इतकी सोशिक नसतात. मिरगीची फेनिटोइन, फेनोबार्बिटोन किंवा व्हॅल्प्रोएट ही औषधे एकदम थांबली तर एकामागून एक झटके येऊन जिवावर बेतू शकते. महिनोन्महिने झटका आला नाही म्हणून घरच्यांनी गोळ्या आणल्या नाहीत, आणि रोवणीच्या बांधीत माणूस पालथा पडला, अशा गोष्टी आपल्या भागात ऐकायला मिळतात. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, क्लोनिडीन ही रक्तदाबाची व हृदयाची औषधे अचानक तुटली तर रक्तदाब किंवा छातीतले दुखणे उसळून वर येते. दम्यासाठी, सांधेदुखीसाठी प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी आठवडेच्या आठवडे चालू असेल तर ती एका दिवसात सोडणे धोक्याचे, कारण शरीराने स्वतःचे स्टेरॉइड तयार करणे तोपर्यंत कमी केलेले असते. ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला आहे त्यांची रक्त पातळ ठेवणारी गोळी, आणि ज्यांना इन्सुलिनवाचून चालत नाही त्यांचे इन्सुलिन, ही तर एक दिवसही न चुकवण्याची औषधे. उलट थायरॉइडची गोळी एखादा दिवस राहिली तर काही बिघडत नाही. आपली गोळी यांपैकी कोणत्या प्रकारची आहे, हे डॉक्टरांना सरळ विचारावे. "ही अचानक बंद पडली तर काय होईल?" एवढाच प्रश्न. त्याचे उत्तर मिळाले की कोणत्या गोळीसाठी बस पकडायचीच आणि कोणत्या गोळीसाठी उद्यावर टाकले तरी चालेल, हे कळते.

तीस गोळ्या आणि अठ्ठावीस दिवस

आता थोडे गणित. सरकारी दवाखान्यात एका वेळी बहुधा तीस दिवसांच्या गोळ्या मिळतात. खासगीतही दहाच्या तीन स्ट्रिप किंवा पंधराच्या दोन, असाच हिशेब असतो. दर महिन्याच्या त्याच तारखेला जाऊन तीस गोळ्या आणणारा माणूस अगदी नियमाचा पक्का असला तरी वर्षात त्याला ३६० गोळ्या मिळतात, आणि दिवस असतात ३६५. पाच दिवसांची तूट त्याची काही चूक नसताना पडते. गोळी संपल्यावर 'उद्या जाऊ, परवा जाऊ' करणाऱ्याचे दर महिन्याला दोन-दोन दिवस जरी गेले तरी वर्षाचे चोवीस दिवस कोरडे जातात.

याला सोपा उपाय आहे. तारीख धरू नये, वार धरावा. आपल्या गावाचा किंवा जवळच्या मोठ्या गावाचा आठवडी बाजार ज्या वारी भरतो तो वार पकडून दर चौथ्या बाजाराला गोळ्या आणाव्यात. बाजाराला माणूस जातोच, गाडीही त्या दिवशी मिळते. चार आठवडे म्हणजे अठ्ठावीस दिवस. आणल्या तीस, खाल्ल्या अठ्ठावीस, हातात उरल्या दोन. (दिवसातून दोनदा घ्यायची गोळी असेल तर चार.) जानेवारीत असे सुरू केले तर पावसाळा तोंडावर येईपर्यंत बारा गोळ्या शिलकीत पडतात. तेरा फेऱ्यांत वर्ष पुरे होते आणि सव्वीस गोळ्या जास्तीच्या जमतात. दवाखान्यात आधी सांगून ठेवावे, की मी संपण्याच्या दोन दिवस आधी येत जाईन. समजावून सांगितले तर बहुतेक ठिकाणी हरकत घेत नाहीत.

ही शिलकीची पुडी वेगळी ठेवायची असते. मात्र ती तशीच वर्षानुवर्षे ठेवली तर तिची मुदत निघून जाते. म्हणून नवी आणली की जुनी खायला काढावी आणि नवी शिलकीत टाकावी, जसे आपण कोठीतले जुने धान आधी काढतो. तीन-चार आठवड्यांपेक्षा मोठा साठा मात्र करू नये. डॉक्टरांनी उद्या मात्रा बदलली तर तो साठा घरात नुसता घोटाळा करील.

आपल्या भागात या शिलकीला फार महत्त्व आहे. मुरूमगाव, पेंढरी, गोडलवाही या बाजूच्या गावांना पावसाळ्यात नाल्याला पूर आला की रस्ता बंद होतो, आणि पाणी कधी उतरेल ते कोणी सांगू शकत नाही. पण फक्त पावसाळाच कशाला? मार्च-एप्रिलमध्ये घरातले सगळे पहाटेपासून मोह वेचायला जातात. मे महिन्यात तेंदूपाने. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईला पाहुणे येणार आणि आपणही जाणार. हिवाळ्याच्या शेवटी कित्येक कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि महिना-दोन महिने परतत नाहीत. यातला प्रत्येक काळ ठरलेला आहे, कॅलेंडरात दिसतो. पूर अचानक येतो हे खरे, पण तेंदूचा हंगाम काही अचानक येत नाही. तेव्हा त्याच्या आधीच्या फेरीत डॉक्टरांना सांगावे, "साहेब, पुढच्या महिन्यात येणे होणार नाही, दोन महिन्यांच्या द्याल का?" रक्तदाब, शुगर ताब्यात असेल आणि साठा असेल तर पुष्कळदा देतात. तेलंगणात जाणाऱ्यांनी औषधाची चिठ्ठी किंवा तिचा मोबाइलवर काढलेला फोटो बरोबर न्यावा, म्हणजे तिकडच्या सरकारी दवाखान्यातही कोणते औषध चालू आहे ते कळते.

गंमत म्हणजे हा अठ्ठावीस दिवसांचा हिशेब आपणच काढलेला आहे असे नाही. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेत पुष्कळ ठिकाणी कायमची औषधे अठ्ठावीस दिवसांचीच देतात. तिथे प्रत्येकाचे नाव एका ठरावीक डॉक्टरकडे नोंदवलेले असते. कायमच्या औषधांची यादी त्या डॉक्टरकडे असते आणि गोळ्या संपण्याच्या काही दिवस आधी रुग्णाने मागणी कळवायची असते. दरवेळी डॉक्टरांना भेटावे लागत नाही, पण ठरावीक काळाने त्यांनी सगळी यादी पुन्हा तपासायची असा शिरस्ता आहे. (तिथे डॉक्टरच्या दवाखान्यालाच 'सर्जरी' म्हणतात. तिकडे राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाने फोनवर 'आज सर्जरीत गेलो होतो' असे सांगितले तर इकडे कोणी घाबरू नये.)

आपल्याकडे काय सोय आहे?

आपल्याकडे अशी मागणी कळवण्याची पद्धत नाही, पण गोळी गावाजवळ आणण्याचे प्रयत्न झाले आहेत. २०१७-१८ मध्ये देशातल्या निवडक जिल्ह्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला. त्यात महाराष्ट्रातून भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे चार जिल्हे होते. त्यातली गोष्ट साधीच होती. थोडीच पण ठरलेली औषधे, प्रत्येक रुग्णाचे कार्ड, एका वेळी निदान तीस दिवसांच्या गोळ्या, घराजवळच्या उपकेंद्रातून पुढचा पुरवठा, आणि तारखेला न आलेल्या रुग्णाचा शोध. यात मोठे यंत्र नाही, नवे औषध नाही. तरी मला हे फार मोठे काम वाटते, कारण डॉक्टर बदलला तरी रुग्णाचे कार्ड बदलत नाही.

आपल्या तालुक्यात धानोऱ्याचे ग्रामीण रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि त्यांची उपकेंद्रे आहेत. पूर्वी ज्यांना आरोग्यवर्धिनी केंद्र म्हणत त्यांना २०२३ पासून आयुष्मान आरोग्य मंदिर असे नाव आहे. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. एकदा वैद्यकीय अधिकाऱ्यांनी रक्तदाबाचे किंवा मधुमेहाचे औषध ठरवून दिले की पुढच्या महिन्यांच्या गोळ्या, साठा असेल तर, या उपकेंद्रातून मिळू शकतात. तिथूनच ई-संजीवनीवर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्लाही घेता येतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासणी आणि औषधे यांचे पैसे घेतले जात नाहीत. तेव्हा तीस गोळ्यांसाठी दिवसभराची मजुरी बुडवून गडचिरोली गाठण्याआधी आपल्या आशाताईंना विचारावे, की ही गोळी उपकेंद्रात मिळते का, आणि सध्या आहे का. आशाताईंकडे फोन असतो, त्या आधी चौकशी करून सांगू शकतात. 'गोळ्या आल्या नाहीत' हे उत्तर दवाखान्याच्या दारात ऐकण्यापेक्षा घरी ऐकलेले बरे.

चिठ्ठीवर एक ओळ लिहून घ्या

खासगी डॉक्टरांचे औषध चालू असेल तर प्रश्न निराळा. पुष्कळ लोक वर्ष-वर्ष जुनी, घामाने विरलेली चिठ्ठी मेडिकलमध्ये दाखवतात आणि दुकानदार ओळखीने गोळ्या देतो. कायदा याबद्दल काय म्हणतो ते फार थोड्यांना ठाऊक असते. १९४५ च्या औषधविषयक नियमांतील नियम ६५ सांगतो, की ज्या औषधांना डॉक्टरची चिठ्ठी लागते (पाकिटावर लाल उभी रेघ असते ती) त्यांची चिठ्ठी एकदाच चालते. पण त्याच नियमात पुढे अशीही सोय आहे, की डॉक्टरांनी 'इतक्या वेळा द्यावे' किंवा 'इतक्या दिवसांनी पुन्हा द्यावे' असे चिठ्ठीवर लिहिले असेल तर त्याप्रमाणे ती पुन्हा चालते. दरवेळी औषध दिल्यावर दुकानदाराने चिठ्ठीवर आपल्या दुकानाचे नाव, पत्ता आणि तारीख नोंदवायची असते. मेडिकलवाला चिठ्ठीवर शिक्का मारतो तो कशासाठी, असा प्रश्न कधी पडला असेल तर त्याचे उत्तर हे.

म्हणजे आपण करायचे एवढेच, की डॉक्टरांकडून उठण्याआधी म्हणावे, "साहेब, ही चिठ्ठी किती महिने चालेल ते लिहून द्या." 'तीन महिने, दर महिन्याला तीस गोळ्या' ही एक ओळ लिहिली की दुकानदारही निर्धास्त आणि आपणही. शिवाय चौथ्या महिन्यात तपासणीला जायचे आहे हेही आपोआप ठरते. चिठ्ठीवर आपले नाव व पत्ता, तारीख, गोळीचे नाव, किती मिलिग्रॅमची, दिवसातून किती वेळा, एकूण किती आणि डॉक्टरांची सही, हे सगळे असायलाच हवे. अक्षर वाचता येत नसेल तर तिथेच विचारावे. औषधाचे मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असा नियम मेडिकल कौन्सिलने २०१६ साली केला आहे. तेव्हा विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. ओळखीच्या डॉक्टरांना त्याच दुखण्यासाठी फोनवरून चालू औषध पुढे लिहून देण्याची मुभा २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांनी दिलेली आहे. नशेच्या वर्गातली काही औषधे मात्र फोनवरून देता येत नाहीत.

आता मूळ नावाबद्दल थोडे सविस्तर, कारण खरा घोटाळा इथे होतो. असे समजा, की एका काकांना गडचिरोलीच्या डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ४० लिहून दिली. एका कंपनीची पांढरी गोळी ते खात होते. पैसे संपले म्हणून ते सरकारी दवाखान्यात गेले. तिथेही टेल्मिसार्टन ४० च मिळाली, पण पाकीट वेगळे, गोळीचा आकार वेगळा. काकांच्या मनात दोनपैकी एक गोष्ट येते. एक, 'ही आपली गोळी नाही, सरकारी गोळीत दम नसतो,' म्हणून ती फडताळात पडून राहते. दोन, 'ही नवीन गोळी दिली,' म्हणून ते जुनी आणि नवी दोन्ही खातात. म्हणजे औषध दुप्पट झाले. मग उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, बाथरूममध्ये पडणे होते, आणि दोष येतो गोळीवर. जोडगोळ्यांचे आणखी वेगळेच. टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपीन एकाच गोळीत असते. घरात सुटी अ‍ॅम्लोडिपीन आधीपासून असेल तर तेही दुप्पट होते. मधुमेहाच्या गोळीत असे झाले तर शुगर धोक्याइतकी खाली येऊ शकते.

यावर उपाय एकच. पाकिटावर कंपनीचे नाव असते, त्याच्याजवळ औषधाचे मूळ नाव आणि मिलिग्रॅम असतात. ते मूळ नाव आणि मिलिग्रॅम जुळवायचे. ते जुळले तर औषध तेच. घरात शिकणारे मूल असेल त्याला हे काम द्यावे, मुले ते आवडीने करतात. रिकामे झालेले शेवटचे पाकीट फेकू नये, पुढच्या फेरीला चिठ्ठीबरोबर न्यावे. जनऔषधी दुकानातल्या स्वस्त गोळ्याही अशाच मूळ नावाने मिळतात. तिथे कंपनीचे नाव सांगितले तर काही हाती लागत नाही, मूळ नाव सांगितले तर निम्म्याहून कमी पैशांत पुष्कळदा काम होते.

पुन्हा पुन्हा आणू नये ते

इथवर गोळी तुटू देऊ नये असे सांगितले. पण जुन्या चिठ्ठीवर काहीही आणत राहावे असा याचा अर्थ नाही. दुखण्याची डायक्लोफिनॅकसारखी गोळी कोणी महिनोन्महिने खात असेल तर किडनीला आणि पोटाला ती नडते, त्यातून रक्तदाब व मधुमेह असलेल्यांना अधिकच. अ‍ॅन्टिबायोटिक मागच्या वेळी लागू पडले म्हणून यंदाच्या तापाला तेच आणणे चूक. झोपेची अल्प्राझोलाम ज्यांनी लावून घेतली आहे त्यांनी ती वाढवू नये आणि एकदम सोडूही नये, डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्यावी. आणि शेजारणीची चिठ्ठी ही शेजारणीचीच. 'तिलाही बी.पी., मलाही बी.पी.' एवढ्याने गोळी एक होत नाही.

कायमच्या गोळीलाही मधून मधून तपासणी लागतेच. रक्तदाब ताब्यात असला तरी तीन महिन्यांतून एकदा डॉक्टरांनी पाहावे. मधुमेहात वर्षातून एकदा तरी किडनीची रक्ततपासणी, डोळ्यांचा पडदा आणि पाय, हे तिन्ही पाहून घ्यावे. नुसती गोळी आणायला घरातले कोणीही जाऊ शकते. वृद्ध माणसाला दरवेळी गाडीत कोंबून नेण्याची गरज नसते. पण तिसऱ्या-चौथ्या खेपेला ज्याची गोळी त्यानेच जावे.

सिकलसेलच्या रुग्णांसाठी हे जास्तच खरे आहे. आपल्या जिल्ह्यात हा आजार घरोघरी माहीत आहे. १ जुलै २०२३ रोजी देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू झाल्यापासून तपासण्या वाढल्या, कार्डे वाटली गेली. परंतु कार्ड म्हणजे उपचार नव्हे. हायड्रॉक्सियुरिया हे औषध नियमित घेतले तर दुखण्याचे झटके कमी होतात, रक्त चढवण्याची पाळी कमी येते. पण हे महिन्याच्या किराण्यासारखे आणायचे औषध नाही. त्याने रक्तातल्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून ठरवून दिलेल्या वेळी रक्ततपासणी करून मगच पुढचा पुरवठा घ्यावा. मूल होण्याचा विचार असेल तर नवरा-बायको दोघांपैकी जो हे औषध घेतो त्याने डॉक्टरांना आधी सांगावे. कॅप्सूल फोडून भुकटी करून लहान मुलाला देऊ नये. त्याबरोबरची फोलिक अ‍ॅसिडची गोळी साधी असते, ती तर कुठल्याही उपकेंद्रात मिळते. तिचा खंड पडण्याचे काही कारण नाही.

इन्सुलिन घेणाऱ्यांना उन्हाळ्यात आणखी एक काळजी असते. घरी फ्रिज नसेल किंवा वीज जात असेल तर वापरात असलेली बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ओल्या मातीच्या माठात किंवा पाणी झिरपणाऱ्या मडक्यात, पाण्यात न बुडेल अशी ठेवावी. एकदा वापरायला काढलेली बाटली साधारण चार आठवड्यांत संपवावी. न उघडलेल्या बाटल्या फ्रिज असलेल्या ठिकाणी, आरोग्य केंद्रात किंवा नात्यातल्या कोणाकडे ठेवाव्यात. बर्फाच्या कप्प्यात मात्र कधीही नाही.

एवढे करूनही खंड पडला तर? एक वेळची गोळी राहिली आणि त्याच दिवशी आठवली तर घेऊन टाकावी. दुसऱ्या दिवशी आठवली तर राहिलेली सोडून द्यावी, दोन मिळून खाऊ नयेत. रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळीला आठ-पंधरा दिवसांचा खंड पडला असेल तर पूर्वीचीच मात्रा सुरू करावी आणि त्या आठवड्यातच रक्तदाब मोजून घ्यावा. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, क्लोनिडीन, स्टेरॉइड, रक्त पातळ करणारी औषधे यांचा खंड पडला असेल तर आपल्या मनाने काहीही न करता आधी डॉक्टरांना विचारावे. मिरगीच्या काही औषधांना पाच-सहा दिवसांचा खंड पडला तर पुन्हा लहान मात्रेपासून चढत जावे लागते, एकदम पूर्ण मात्रा सुरू केल्यास अंगावर पुरळ येऊन ते चिघळू शकते. म्हणून तिथेही आधी फोन करावा. पण फोन लागत नाही म्हणून दिवस घालवू नये, सरळ आरोग्य केंद्र गाठावे. गोळ्या किती दिवसांपूर्वी संपल्या ते खरे सांगावे. रागावतील म्हणून 'कालच संपल्या' असे सांगितले, तर वाढलेला रक्तदाब पाहून डॉक्टर समजतील की औषध कमी पडते, आणि मात्रा वाढवून देतील. फोन करतानाही पाकीट हातात ठेवावे, म्हणजे मूळ नाव आणि मिलिग्रॅम वाचून सांगता येतात.